सोनेरी ओंबी आणि सरवा : मॉस्कोच्या ‘वेदेएनखा’ उद्यानाची क्षेत्रभेट



क्षेत्रभेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पोस्ट ऑफिस, बाजार, दूध डेअरी, फार तर एखादा किल्ला. मुलांना रांगेत न्यायचं, दाखवायचं, परत आणायचं आणि दुसऱ्या दिवशी दहा ओळी लिहून घ्यायच्या. मीही बरीच वर्षं असंच केलं. पण गेल्या मे महिन्यात मी एक अशी जागा पाहून आले की ‘पाहणं’ म्हणजे काय, हे मलाच पुन्हा शिकावं लागलं.

माझा धाकटा भाऊ रशियात डॉक्टरकी शिकतो. आपल्याकडची कितीतरी मुलं तिकडे आहेत, तुमच्याही ओळखीत कुणीतरी असेलच. त्याचं शेवटचं वर्ष, म्हणून अण्णांना (माझे वडील, पूर्ण वेळ शेतकरी) आणि मला त्यानं बोलावून घेतलं. मॉस्कोत चार दिवस होतो. लाल चौक, क्रेमलिन वगैरे सगळे पाहतात तसं आम्हीही पाहिलं. पण मी तुम्हाला घेऊन जाणार आहे शहराच्या ईशान्येला. तिथे ‘वेदेएनखा’ नावाचं दोनशे हेक्टरपेक्षा मोठं प्रदर्शन-उद्यान आहे.

नाव विचित्र वाटतं, कारण ते नाव नाहीच, आद्याक्षरं आहेत. पूर्ण अर्थ ‘राष्ट्रीय अर्थव्यवस्थेतल्या यशांचं प्रदर्शन’. म्हणजे देशानं काय काय कमावलं ते लोकांना दाखवायची जागा. मेट्रोच्या स्टेशनचंही नाव तेच. तिथला सरकता जिना इतका लांब की अण्णांनी मध्येच विचारलं, “अजून विहीर संपंना का?” वर आलात की थोडं चालून एक भली मोठी कमान लागते. कमानीच्या डोक्यावर दोन सोनेरी माणसं, एक ट्रॅक्टर चालवणारा आणि एक शेतकरी बाई. दोघांनी मिळून गव्हाची पेंढी डोक्यावर उचलून धरली आहे. अण्णा बराच वेळ मान वर करून बघत राहिले आणि म्हणाले, “एक पेंढी उचलायला दोन माणसं? मजुरी कशी परवडंल!”

तुम्हीही मुलांना हा फोटो दाखवा आणि आधी काहीच सांगू नका. ‘यातली माणसं कोण असतील? ती आनंदी का आहेत?’ एवढंच विचारा. आमच्या वर्गात फार छान उत्तरं आली. एकानं सांगितलं, ‘त्यांचं बक्षीस आलंय’.

कमानीतून आत गेल्यावर (आत जायला तिकीट नाही, हे मला फार आवडलं) रुंद रस्ता, मध्ये फुलांचे वाफे, समोर लेनिनचा पुतळा आणि त्याच्यामागे उंच मनोऱ्याचं मुख्य दालन. त्या दालनाची एक गंमत सांगते. २०१४ साली दुरुस्ती चालू असताना आतल्या एका खोट्या भिंतीमागे प्रचंड मोठं शिल्प सापडलं. शिल्पकार येवगेनी वुचेतिच यांनी केलेलं, सोव्हिएत लोकांचा गौरव करणारं. कित्येक वर्षं ते भिंतीआड झाकलेलं होतं आणि लोक पलीकडून ये-जा करत होते. हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेची मागची खोली आठवली. तिथे जुन्या फळ्यामागे अजून एक फळा आहे आणि त्यावर कुणाच्या तरी अक्षरातला सुविचार तसाच आहे. असो.

मुख्य दालनाच्या मागे गेलात की या उद्यानाचं सगळ्यात प्रसिद्ध कारंजं लागतं, ‘लोकांच्या मैत्रीचं कारंजं’. मध्ये गहू, सूर्यफूल अशा पिकांची अवाढव्य सोनेरी पेंढी आणि भोवती गोल उभ्या असलेल्या सोनेरी बायका. प्रत्येक बाई म्हणजे सोव्हिएत संघातलं एक प्रजासत्ताक. ऊन पडलं की डोळे दिपतात.

इथे गणिताचा तास घ्यायची संधी आहे. वर्गात फोटो दाखवून मी सांगितलं, “सोव्हिएत संघ १९९१ मध्ये फुटला आणि त्याचे पंधरा देश झाले. आता बायका मोजा.” मुलांनी मोजल्या. सोळा. पुन्हा मोजल्या. सोळाच. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “मॅडम, एक जास्तीची हाय.” बरोबर आहे त्याचं. कारंजं १९५४ मध्ये झालं, तेव्हा प्रजासत्ताकं सोळा होती. त्यातलं कारेलो-फिनिश नावाचं प्रजासत्ताक दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये रशियात विलीन केलं गेलं. नकाशावरून नाव गेलं, पण बाई कारंज्यावर उभीच राहिली. मूळ संख्या, वजाबाकी, देश, नकाशा, सगळं एकाच फोटोत येतं. एवढा स्वस्त पाठ मला दुसरा सुचलेला नाही.

आता थोडा इतिहास, कारण तो कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

हे उद्यान सुरू झालं ते ‘अखिल-संघीय कृषी प्रदर्शन’ म्हणून. १९३५ मध्ये ठरलं, क्रांतीला वीस वर्षं होतील तेव्हा म्हणजे १९३७ मध्ये उघडायचं होतं, पण कामं रखडली आणि उघडलं १ ऑगस्ट १९३९ ला. दोन वर्षं नीट चाललं नाही तोच १९४१ मध्ये युद्ध आलं आणि बंद पडलं. पुन्हा १९५४ मध्ये उघडलं. आज दिसणारी बरीच भव्य दालनं तेव्हाची आहेत. पुढे शेतीबरोबर कारखाने, विज्ञान, अंतराळ असं सगळंच त्यात आलं आणि १९५९ मध्ये ‘वेदेएनखा’ हे नाव पडलं. १९९२ मध्ये नाव पुन्हा बदललं, २०१४ मध्ये जुनं परत आलं. गावातल्या चौकाचं नाव बदलतं तसंच हे, फक्त आकार मोठा.

पण तारखांच्या मधल्या जागेत काय घडलं ते पाहा. मूळ प्रदर्शनाचे मुख्य वास्तुविशारद होते व्याचेस्लाव ओल्तारझेव्हस्की. अमेरिकेत काही वर्षं काम करून आलेला हा अनुभवी माणूस. उद्घाटनाच्या आधीच, १९३८ मध्ये, त्यांना अटक झाली आणि थेट उत्तरेकडच्या व्होर्कुताच्या छावणीत धाडण्यात आलं. शेती खात्याचा कारभार ज्यांनी पाहिला ते मिखाईल चेर्नोव यांना त्याच वर्षी गोळ्या घालण्यात आल्या. ज्यांनी प्रदर्शन उभं केलं त्यातले काही जण ते बघायला उरलेच नाहीत. ओल्तारझेव्हस्की मात्र वाचले, परत आले आणि पुढे मॉस्कोतल्या प्रसिद्ध ‘उक्राइना’ हॉटेलच्या इमारतीच्या कामात त्यांचा हात होता.

आता मी मुद्द्यावर येते. उद्यानाच्या मागच्या बाजूला तळं आहे. तिथे गर्दी कमी असते. तळ्याच्या मध्यात एक कारंजं उभं आहे, त्याचं नाव ‘सोनेरी ओंबी’. गव्हाची एकच उंच ओंबी, तिच्यातून पाणी उडतं. अण्णा तिथे बाकावर बसले. पाय दुखत होते, पण खरं कारण वेगळं होतं. तळ्याच्या त्याच बाजूला शहरातल्या मुलांसाठी केलेलं एक छोटं शेत आहे, शेळ्यामेंढ्या वगैरे असलेलं. मॉस्कोला येऊन आमचे अण्णा शेळ्या बघत बसले! आणि मी त्या ओंबीकडे बघत बसले, कारण जायच्या आधी भावानं मला एक गोष्ट वाचायला दिली होती.

१९२९ पासून सोव्हिएत संघात शेतकऱ्यांच्या जमिनी, बैल, अवजारं एकत्र करून सामूहिक शेती सुरू झाली. बऱ्याच ठिकाणी बळजबरीनं. सरकारनं धान्याची वसुली इतकी लावली की १९३२-३३ मध्ये युक्रेन, कझाकस्तान, व्होल्गा नदीचं खोरं अशा धान्य पिकवणाऱ्या भागांतच भयंकर उपासमार झाली. लाखो माणसं मेली. धान्य पिकलंच नव्हतं असं नाही, ते नेलं गेलं. ७ ऑगस्ट १९३२ ला एक कायदा आला. सामूहिक शेतातून धान्य उचललं तर मृत्युदंड, आणि परिस्थिती पाहून दया दाखवायचीच झाली तर दहा वर्षांची कैद. कापणीनंतर शेतात पडलेल्या ओंब्या वेचणाऱ्यांवरही तो लागू झाला, म्हणून लोक त्याला ‘ओंब्यांचा कायदा’ म्हणायचे.

मी मराठवाड्यातली. कापणी झाल्यावर शेतात पडलेलं वेचणं म्हणजे सरवा. लहानपणी आम्ही सगळ्यांनी सरवा वेचलाय. रानाचा मालकही काही म्हणायचा नाही, उलट गरिबाचा तो हक्कच समजायचे. त्या तळ्याकाठी माझ्या डोक्यात दोन ओंब्या एकदम आल्या. एक तळ्यातली सोनेरी, आणि एक जिच्यापायी कुणीतरी तुरुंगात गेलं. आणि उद्यानातलं सगळ्यात नटवलेलं दालन कुणाचं, तर युक्रेनचं! तिथेही गव्हाची नक्षी, फुलांची नक्षी, डोळे फिरतील इतकी. त्या दालनात आता स्लाव्ह लिपीचं संग्रहालय आहे. लिपी शिकवणाऱ्या माणसानं आवर्जून बघावं असं. पण आज रशिया आणि युक्रेनमध्ये २०२२ पासून काय चाललंय हे ठाऊक असताना त्या दारातून आत जाताना पाऊल अडखळतं, हे मी लपवणार नाही.

म्हणून काही ते उद्यान खोटं ठरत नाही. मला तिथे फिरताना खरंच आनंद झाला. हे दोन्ही मुलांना एकाच वेळी कसं सांगायचं, हा माझा प्रश्न होता.

त्याआधी आजूबाजूचंही पाहून घेऊ, नाहीतर तुम्ही म्हणाल की बाईंनी रडवायलाच नेलं.

मुलांना सगळ्यात जास्त आवडेल ते अंतराळाचं. मेट्रोजवळच १०७ मीटर उंचीचं स्मारक आहे, आकाशात झेपावणारं रॉकेट आणि त्याच्यामागे टायटॅनियमच्या पत्र्यानं मढवलेला धुराचा लोट. हे १९६४ मधलं. त्याच्या पायथ्याशी, जमिनीखाली, अंतराळवीरांचं संग्रहालय आहे. १९८१ मध्ये सुरू झालेलं. सोमवारी बंद असतं, लक्षात ठेवा. तिथे बेल्का आणि स्त्रेल्का या दोन कुत्र्या पेंढा भरून ठेवलेल्या आहेत. ऑगस्ट १९६० मध्ये त्या अंतराळात जाऊन जिवंत परत आल्या. मुलं लगेच विचारतात, ‘आणि लायका?’ लायका १९५७ मध्ये गेली ती परत आली नाही. तिला परत आणायची सोयच केलेली नव्हती. हेही सांगावं लागतं. ‘मीर’ या अंतराळ स्थानकाची खऱ्या आकाराची प्रतिकृती आहे, तिच्या आत शिरता येतं. आत झोपायची जागा किती चिंचोळी आहे ते बघून भावानं सांगितलं की त्याचं होस्टेल बरं.

बाहेर अंतराळवीरांच्या अर्धपुतळ्यांची वाट आहे. युरी गागारिन तर सगळ्यांना माहीत. पण मुलींना व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा दाखवा. १९६३ मध्ये अंतराळात गेलेली जगातली पहिली स्त्री, आणि त्याआधी कापडगिरणीतली कामगार. आपल्या राकेश शर्मांची आठवण इथे काढाच. ३ एप्रिल १९८४ ला ते सोव्हिएत ‘सोयूझ’ यानातूनच गेले होते. आणि आपला पहिला उपग्रह ‘आर्यभट्ट’ १९७५ मध्ये सोडला गेला तोही सोव्हिएत रॉकेटनं, सोव्हिएत भूमीवरून.

उद्यानाच्या आतही अंतराळाचं मोठं दालन आहे. समोर ‘वोस्तोक’ रॉकेटची प्रतिकृती, शेजारी विमानं, जवळच ‘बुरान’ या अंतराळयानाचं एक प्रारूप. याच दालनात सोव्हिएत संघ फुटल्यानंतरच्या वर्षांत दुकानं थाटलेली होती. जिथे उपग्रह टांगलेले असायचे तिथे बागकामाची बियाणं, रोपं विकली जायची. २०१८ मध्ये ते पुन्हा संग्रहालय झालं. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “बियाणं विकलं तर त्यात वाईट काय?” उत्तर सुचलं नाही.

‘कामगार आणि शेतकरी स्त्री’ हा पुतळा विसरू नका. व्हेरा मुखिना या शिल्पकार बाईंनी तो १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी केला. स्टेनलेस स्टीलचा, दोघांचे हात उंच, एकात हातोडा, एकात विळा. पॅरिसमध्ये तो बरोब्बर हिटलरच्या जर्मनीच्या दालनासमोर उभा होता. नंतर मॉस्कोत आणून बुटक्या चबुतऱ्यावर ठेवला, ते मुखिनांना पसंत नव्हतं. २००३ मध्ये दुरुस्तीला उतरवला आणि २००९ मध्ये उंच इमारतीवर पुन्हा चढवला. त्यांचं म्हणणं शेवटी ऐकलं गेलं, पण तोवर त्यांना जाऊन अर्धशतक उलटलं होतं.

दूरवर ओस्तान्किनोचा टीव्ही मनोरा दिसतो, १९६७ चा, ५४० मीटर. मुलांना कसं सांगाल? एकावर एक सात कुतुबमिनार ठेवले तरी तो उरतोच. त्याच्या जवळ शेरेमेत्येव घराण्याचा जुना लाकडी राजवाडा आहे. तिथल्या नाट्यगृहात या जमीनदाराची कुळं, म्हणजे मालकीची माणसंच, गायची आणि नाचायची. त्यातल्या प्रास्कोव्या नावाच्या गायिकेशी काउंट निकोलाय शेरेमेत्येवनं १८०१ मध्ये लग्न केलं. मत्स्यालय, १४० मीटरचा आकाशपाळणा वगैरेही आहे. पाळण्यात आम्ही बसलो नाही, तिकीट ऐकून अण्णा दुसरीकडे बघायला लागले. जायचा विचार असेल तर एक सांगते, आपली बँकेची कार्डं सध्या तिकडे चालत नाहीत, रोख पैसे न्या.

आणि मराठी माणसानं मॉस्कोत अजून एक ठिकाण गाठावं. हे उद्यानाजवळ नाही, शहरात आहे. परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊ साठे यांचा पुतळा २०२२ मध्ये बसवला गेला. अण्णाभाऊ १९६१ मध्ये सोव्हिएत देशात गेले होते, ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक त्यातूनच आलं. आमच्या शाळेच्या कपाटात ते आहे, गुळगुळीत कागदाच्या रशियन गोष्टींच्या मराठी पुस्तकांशेजारी. तुमच्याही कपाटात सापडतील, धूळ झटका.

आता वर्ग. माझ्याकडे चौथी-पाचवी एकत्र आहे. जून-जुलैत मी मोबाइलमधले फोटो दाखवून हा पाठ तीन तासांत घेतला. पहिले दोन तास मजेत गेले. तिसऱ्या तासाला ओंब्यांचा कायदा सांगितला. सोप्या शब्दांत सांगितला, पण वगळला नाही. वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी म्हणाली, “माझी आजी सरवा वेचती. तिला बी धरतील का?” तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती आजीजवळ राहते. मी म्हटलं, “नाही गं, आपल्याकडं तसा कायदा नाही.” ती म्हणाली, “मग ती वेचलेलं पदराखाली का झाकती?”

मला याचंही उत्तर आलं नाही. मी म्हटलं, आजीलाच विचार.

त्यानंतर मी जो उपक्रम घेतला तो तुम्हीही घ्या. कोरा कागद द्या आणि सांगा : ‘त्या उद्यानात प्रत्येक प्रांताचं दालन आहे, तसं आपल्या गावाचं एक दालन काढा. पुढच्या बाजूला लोकांना काय दाखवाल ते, आणि कागदाच्या मागच्या बाजूला काय दाखवणार नाही ते.’ वेळ भरपूर द्या, मध्ये बोलू नका. आमच्या मुलांनी पुढे काढलं ते देऊळ, बैलजोडी, कापूस, यात्रेतला पाळणा, एकानं चक्क माझा स्कूटीवरचा फोटो. मागे काढलं ते रिकामा हंडा, दारूचं दुकान, बिनपाण्याचं शौचालय. मागच्या बाजू बघितल्यावर मला वाटलं, गावाचा इतका नेमका अहवाल कुणीच दिला नसेल.

त्या मुलीनं पुढच्या बाजूला घरांची ओळ काढली होती आणि प्रत्येक दाराला कुलूप. मागची बाजू कोरी. मी विचारलं, “अगं, हे मागं काढायचं होतं ना?” ती म्हणाली, “नाही मॅडम. आमच्या गल्लीत दिवाळीनंतर सगळ्यात जास्त हेच असतंय.”

चित्रं भिंतीवर लावली. पुढच्याच आठवड्यात शाळेला भेट होती. भिंती पुसल्या, तक्ते नवे केले, ‘आदर्श शेतकरी’चा तक्ता वर आला. आणि मी, तुम्हाला खरं सांगते, त्या दिवशी सकाळी कुलपांचं चित्र काढून टेबलाच्या खणात ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच ठेवलं. भेट छान झाली, शेरा चांगला मिळाला.

दुपारी ती भिंतीसमोर उभी होती. जिथे चित्र होतं तिथे रंगाचा चौकोन थोडा उजळ दिसत होता. तिनं विचारलं, “मॅडम, माझं मागं टाकलं का?”

मी खण उघडून ते तिच्यासमोरच परत लावलं. ती काही बोलली नाही. टाचणी सापडत नव्हती, ती तिनंच शोधून आणून दिली.